अकरावा पेपर

नांदेडच्या एका कोचिंग क्लासच्या ऑनलाइन चाचणीचा प्रोग्राम देविकानेच लिहिला होता, त्यामुळे तो गावोगावच्या केंद्रांवर नीट चालतो की नाही हे पाहायची फिरतीही तिच्याच वाट्याला आली. उमरी झाली, बिलोली झाली, आणि चाचणीच्या आदल्या दुपारी ती एसटीने लातूरजवळच्या रेणापूरला उतरली.

केंद्र म्हणजे बाजारगल्लीतला एक हॉल, दहा संगणक आणि कुलूपकिल्ली सांभाळणाऱ्या चांगुणाबाई. भूकंपात घर आणि लेकरू गेलं तेव्हा किल्लारीकडून इकडं आले, एवढंच त्यांनी चहा देताना सांगितलं. देविकाने दहाही संगणकांवर नमुन्याचा पेपर सुरू केला, नेटवर्क तपासलं आणि लॅपटॉपवर यादी उघडली. पेपर सोडवणारे अकरा होते.

अकराव्याला नाव नव्हतं. बाकीचे दहा पेपर कोरे, कारण समोर कुणी बसलंच नव्हतं. याची उत्तरं मात्र विचार केल्यासारखी, थांबत थांबत येत होती. बाहेरचं कुणी शिरलं असेल तर उद्याचा पेपर आजच फुटणार, म्हणून तिने इंटरनेटची वायर उपटली. मग एकेक करून दहाही संगणक बंद केले. तिचा लॅपटॉप तेवढा चालू राहिला, आणि यादीत ती बिननावाची ओळ. सतरावं उत्तर आलं. अठरावं आलं.

"काय करायलाव, मॅडम? लई वेळ झाला."

"कुणीतरी आत आहे, चांगुणाबाई. कोण ते कळत नाही."

पर्यवेक्षकाच्या संदेशांसाठी ठेवलेल्या चौकटीत तिने लिहिलं, 'कोण आहे?' उत्तर आलं तेव्हा तिने ते नकळत मोठ्याने वाचलं :

'हाक मारल्याबिगर बाहेर यायचं न्हाई म्हणली होतीस. आता येऊ का?'

चांगुणाबाई खुर्चीची पाठ धरून सावकाश खाली बसल्या. पदराने तोंड पुसलं. मग अगदी घरातल्या आवाजात म्हणाल्या, "व्हय म्हणा, मॅडम."

"कुणाला?"

"म्हणा तर तुम्ही."

देविकाने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने 'हो' लिहिलं. ते परकं वाटलं, म्हणून खोडून 'व्हय' लिहिलं. ओळ नाहीशी झाली. जो प्रोग्राम अक्षर न् अक्षर तिने स्वतः लिहिला होता, त्याच्या कुठल्याच नोंदीत अकराव्याचा मागमूस उरला नाही.

चांगुणाबाई उठल्या, हॉलचं दार त्यांनी सताड उघडलं, आणि चौकटीपासून एक पाऊल बाजूला सरून, कुणाला वाट करून द्यावी तशा उभ्या राहिल्या. देविका बघत राहिली. मग, का ते तिला नंतरही कधी सांगता आलं नाही, तिने वाटेत पसरलेले आपले पाय हळूच जवळ ओढून घेतले.