मोठा आवाज

शीलाने पिठाचे हात धुतले, पदराला पुसले आणि बाहेरच्या खोलीत येऊन खुंटीवरची गिटार उतरवली. चाकणहून आलेले पाहुणे कपबशा खाली ठेवून सरसावून बसले.

"आमची सून गिटार वाजवती," रखमाजी म्हणाले. "अख्ख्या मंचरात अशी सून घावायची न्हाई."

शीलाने गणपतीची आरती वाजवली. मग एक जुनं सिनेमातलं गाणं. पाहुणीने मान डोलावली, पाहुण्याने "वा, वा" केलं. सासूबाई, ठमाबाई, दाराशी उभ्या राहून सगळ्यांची तोंडं न्याहाळत होत्या. गाणं संपलं तशी शीलाने गिटार खुंटीला लावली आणि ती आत गेली. तवा तापून धूर निघत होता.

आठ वर्षं हीच दोन गाणी.

ती घोडेगावची. वडील मास्तर होते, त्यांनी तिला शिकायला पुण्यात ठेवलं. तिथे कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या सरांकडे ती गिटार शिकली, आणि वसतिगृहातल्या खोलीत तिला शमा भेटली. शमा जुन्नरची. ती ड्रम वाजवायची, आणि ड्रम नसला की पत्र्याची ट्रंक. आणखी दोघी मिळाल्या आणि चौघींचा रॉक बँड झाला. कॉलेजांच्या महोत्सवांत पोरं आधी हसायला जमायची. शीलाची इलेक्ट्रिक गिटार सुरू झाली की हसणं थांबायचं. पेपरात एकदा फोटो आला. मुंबईहून बोलावणं येईल असं वाटत होतं, तेवढ्यात वडिलांना झटका आला आणि स्थळं बघायला सुरुवात झाली.

अमृतच्या घरचे बघायला आले तेव्हा तिने मुद्दामच सांगितलं होतं, "मी गिटार वाजवते. लग्नानंतरही वाजवणार." स्थळ मोडेल अशी तिची अटकळ होती. रखमाजी खूश झाले. बटाट्याच्या आडतीवर येईल त्याला ते सुनेचं कौतुक सांगू लागले. नको म्हणणारं कुणी असतं तर तिला भांडता आलं असतं. इलेक्ट्रिक गिटार शमाकडेच राहिली. मंचरला आली ती साधी, लाकडी.

दिवाळीनंतर शमाचा फोन आला. कॉलेजला पन्नास वर्षं होत होती आणि जुन्या बँडला बोलावलं होतं. गाणारी मैत्रीण बंगलोरहून येणार होती.

"शीला, नाही म्हणू नकोस," शमा म्हणाली. "हात आहेत ना अजून?"

रात्री जेवताना शीलाने विषय काढला. "मी एसटीने जाईन. एकटीच. दुसऱ्या दिवशी परत."

"एकटी कशाला?" अमृत म्हणाला. "आमी हाय की. गाडी काढू. आई-दादा, आरोही, सगळेच जाऊ."

"पुढच्या खुर्च्या मिळतील का?" रखमाजींनी विचारलं.

शीलाने लेकीच्या, आरोहीच्या ताटात भात वाढला, मग न विचारताच आणखी वाढला.

ती दुपारी माडीवर सराव करायला लागली. बोटांची कातडी मऊ पडली होती. तिसऱ्याच दिवशी फोड आले आणि फुटले. भाकरी थापताना तिने ओठ चावलेले अमृतने पाहिले.

"तू नको करू भाकरी. आई करंल," तो म्हणाला, आणि दुकानातून मलम घेऊन आला. त्याने ते स्वतःच्या हाताने लावलं. शीला त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिली. या माणसावर रागावण्याजोगं तिला काही सापडेना.

कार्यक्रमाच्या दिवशी पुढच्या खुर्च्या मिळाल्या. ठमाबाई नवी इरकल नेसून आल्या होत्या. रखमाजींनी फेटा बांधला होता आणि शेजारच्या अनोळखी माणसाला ते सांगत होते, "ती कडंची, ती आमची सून."

पहिल्या गाण्यात शीला तारांकडेच बघत होती. दुसऱ्यात तिने मान वर केली. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर तिचा एकटीचा तुकडा होता, छोटासाच ठरलेला. ती वाजवू लागली. ठरलेली जागा आली आणि गेली. शमाने ड्रमवरून मान वर करून बघितलं, मग हसून ठेका तसाच धरला. शीलाने आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. तार किंचाळली, घसरत खाली आली, पुन्हा वर गेली. ती डोळे मिटून वाजवत होती आणि फोडांमधून आलेलं रक्त तारेला लागत होतं. मागच्या रांगांमधली पोरं उभी राहिली होती.

तिने डोळे उघडले तेव्हा रखमाजींची खुर्ची रिकामी होती. आरोहीने आजीच्या मांडीत तोंड खुपसलं होतं. अमृत टाळ्या वाजवत होता, पण त्याचं तोंड एखाद्या परक्या घरात चुकून शिरल्यासारखं झालं होतं. ठमाबाई मात्र हलल्या नव्हत्या. त्या शीलाकडेच बघत होत्या.

निघताना शमाने इलेक्ट्रिक गिटार आणि छोटा स्पीकर शीलाच्या गाडीत ठेवला. "तुझीच आहे. घेऊन जा आता."

परतीच्या वाटेवर खेडचा घाट चढल्यावर रखमाजी म्हणाले, "लई मोठा आवाज व्हता." अमृतने गाडीतला रेडिओ लावला, मग बंद केला.

त्यानंतर पाहुणे आले, चहा पिऊन गेले, पण रखमाजींनी सुनेला हाक मारली नाही. घरात सगळे तिच्याशी नेहमीइतकंच, कदाचित थोडं जास्तच, चांगलं वागत होते. आजारातून उठलेल्या माणसाशी वागतात तसं. शीलाला मोकळं वाटायला हवं होतं. ती माडीवर जायची, इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घ्यायची आणि स्पीकरला न जोडताच तारा छेडायची. तारांची नुसती कुजबुज व्हायची.

एका दुपारी ठमाबाई धापा टाकत जिना चढून वर आल्या. हातात सूप होतं, त्यात लसूण. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि लसूण सोलू लागल्या.

"तू त्या दिशी वाजवलं," त्या म्हणाल्या, "ते भांडान व्हतं ना?"

शीलाने तारांवर पंजा ठेवला.

"कुणाशी भांडत व्हतीस?"

"कुणाशी नाही, आत्या."

"आमच्याशी आसंल तर सांग. मी न्हाई कुणाला बोलायची."

खाली हमरस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला, लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिला.

"थोडं तुमच्याशी," शीला म्हणाली. "पण तुम्ही सगळे इतके चांगले आहात, की..."

ठमाबाईंनी सोललेली पाकळी सुपात टाकली आणि सालं फुंकरीने उडवली.

"चांगल्या मान्सांत मीबी ऱ्हायले," त्या म्हणाल्या. "लई वर्सं."

शीलाने त्यांच्याकडे बघितलं. सासूबाईंची मान खालीच होती.

"वाजव की मंग. तसंच. त्या दिशीचं."

"लाइट नाही, आत्या. भारनियमन आहे."

"आली की वाजव." त्यांनी गुडघ्यावर हात टेकला, उठल्या आणि सूप घेऊन खाली गेल्या.

लाइट आली तेव्हा उन्हं कलली होती. स्पीकरचा तांबडा दिवा लागला आणि त्यातून बारीक घरघर सुरू झाली. शीलाने गिटार जोडली, पट्टा खांद्यावर घेतला, ती उभी राहिली. पहिली तार ओढणार एवढ्यात खालून खडखड ऐकू आली. रस्त्याकडची खिडकी लागली. मग शेजाऱ्यांकडची. मग मागच्या दाराची कडी. ठमाबाई एकेक खोली हिंडत होत्या. त्यांच्या अनवाणी पावलांचा आवाज वरपर्यंत येत होता.

शीला हात तारांवर तोलून तशीच थांबली.

शेवटची झडप लागली. खोलीतला वारा थांबला. जिन्याच्या तळाशी येऊन ठमाबाईंनी दबक्या आवाजात हाक दिली,

"झालं गं. आता वाजव."