मेंदूतलं बिऱ्हाड

भागाआत्या आठवली की आधी ऐकू येते ती तिची टिचकी. टाळूवर जीभ आपटून काढलेला एक ओला, गोल आवाज. तो आला की संध्याकाळच्या पिवळ्या धुळीत सगळी कोकरं कान टवकारत आणि, खरं सांगतो, त्यांच्याबरोबर मीही. कारण त्यानंतर कोणाला ना कोणाला खायला मिळायचंच.

देवगाव रंगारीच्या माळावरून आत्याचे यजमान, आमचे मामा, मेंढरं घेऊन निघाले की थेट सरदार दिसत. सारा मुलूख त्यांच्याकडे पाही. आत्या मात्र घोड्यावर बिऱ्हाड लादून दुसऱ्याच वाटेने जायची. कोंबड्या, भांडी, पायांत बळ न आलेली कोकरं, सगळं तिच्याकडे. कळप मुक्कामी पोचेपर्यंत जागा झाडलेली, कोकरांच्या वाड्याला जाळी लागलेली, चूल पेटलेली. याला काम म्हणावं, हे कोणाला सुचलं नाही, आत्यालाही नाही.

मग दुष्काळ आले, जायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यांसारखे. मेंढरं विकली गेली. ज्या पडेगावच्या शिवारात कळप बसायचा, तिथे प्लॉट पडले, कॉलन्या उभ्या राहिल्या, आणि त्यातल्याच एका इमारतीवर मामा राखणदार झाले. तिथे आत्याचा आवाज हळूहळू विझला. तव्यावरची भाकरी ती विसरू लागली. हाक मारली तरी वळेना. भिंतीवर सरकणारा उन्हाचा चौकोन बघत दिवस काढी.

मामांनी मेंढपाळाचा इलाज केला. मलूल मेंढरू कळपातून बाजूला बांधायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. आत्याला त्यांनी मागची शांत खोली दिली, ताट तिथेच पोचवलं, कामाला हात लावू दिला नाही, नातवंडांना दाराशी फिरकू दिलं नाही. इतक्या प्रेमाने कोणी कोणाला एकटं पाडलेलं मी पाहिलेलं नाही. आत्या आणखीच मिटली. म्हातारपणाचा विसर, आता ती परत यायची नाही, असं घराने ठरवून टाकलं. मला ते पटेना, म्हणून दोघांना घेऊन मी क्रांती चौकाजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

आणि काय सांगू, माझ्या डोक्यात दिवाळीच झाली! बाई मेंदूबद्दल अशा बोलत होत्या, जणू माहेराबद्दल. म्हणाल्या, विचार वाहून नेणाऱ्या चेतापेशींचंच आजवर कौतुक झालं. पण त्यांच्याभोवती आधारपेशी असतात. काही चांदणीसारख्या फांद्या पसरून त्यांना अन्न पुरवतात, सांडलेली रसायनं टिपतात. काही केर काढतात, निकामी झालेलं उचलून नेतात. दीर्घ उदासीत या आधारपेशी दमलेल्या दिसतात, आणि स्मृतिभ्रंशात केर काढणाऱ्या बिथरून चेतापेशींना जोडणारे कामाचे धागेही झाडून नेत असाव्यात, असं संशोधकांना वाटू लागलं आहे. सगळं अजून उलगडलेलं नाही. आत्याला उदासी नक्की होती, विसर कदाचित जोडीला. औषध मिळेल, बाई म्हणाल्या, पण यांना माणसांत ठेवा, हाताला काम द्या.

मी खुर्चीतून उठलोच. "मामा, मेंदूतबी बिऱ्हाड असतंय! आपण आजवर नुस्ती मेंढरं बघितली."

मामा आत्याकडे न बघता म्हणाले, "म्याच तिला बाजूला बांधली व्हय रं."

दुसऱ्या सकाळी आत्याची खाट स्वयंपाकघराच्या दारात आली. लसूण सोलायला, शेंगा फोडायला तिच्यापुढे येऊ लागल्या. औषधाने आपला वेळ घेतला. आणि एका संध्याकाळी, नातवंडं जेवायला नखरे करत असताना, टाळूवर जीभ आपटली. पोरं वळली. दाराबाहेर बसलेले मामाही वळले, आणि पटक्याच्या शेवाने डोळे पुसत, धूळ लई झाली म्हणून कॉलनीला शिव्या देऊ लागले.

उदासी ओसरली, विसर मात्र राहिला. पुढे एकदा मी समोर बसलो, तर आत्या माझ्याकडे बघतच राहिली.

"नाव नाय सापडत," ती म्हणाली. "पर भूक लागली की तू असंच त्वांड करायचास. थांब, भाकर टाकते."

आता ती खाट रिकामी आहे. काळ कळपासारखा धूळ उडवत पुढे जातो, साऱ्यांची नजर त्याच्यावरच; पण दमून कुठे टेकावं, तर गेलेल्या माणसाची आठवण दुसऱ्या वाटेने आधीच तिथे पोचून, जागा झाडून, चूल पेटवून बसलेली असते.