दोन्ही हात पसरून उभी राहिलेली सगीरा

मित्रांनो, मला चिलखत म्हणतात, पण मी एकही लढाई पाहिलेली नाही. रॉकेलच्या दोन रिकाम्या डब्यांपासून माझा जन्म झाला. एका डब्याची छाती झाली, दुसऱ्याची पाठ. खांद्यावर आणि कुशीत चामड्याचे पट्टे, वरून चंदेरी रंग. आता रंग उडाला आहे आणि पोटावर गंजाचे डाग पडले आहेत. मी जे सांगणार आहे ते ऐकायला गोड नाही. तरी ऐका, कारण ते तुमच्याच वयाच्या एका मुलीचं आहे.

औरंगाबादेत शहागंजच्या मागच्या गल्लीत कमरोद्दीन नावाचा पत्र्याचं काम करणारा कारागीर राहत होता. पुढे दुकान, मागे घर. धान्याच्या कोठ्या, पेट्या, चाळण्या, नरसाळी, असं सगळं तो करायचा. दिवसभर त्या दुकानातून ठणठण आवाज यायचा आणि शेजाऱ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की आवाज थांबला तरच ते डोकावून पाहायचे. निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. कचेरीतून येणारे कागद आता उर्दूऐवजी मराठीत यायला लागले होते. "घरात एकाला तरी वाचता यायला पाहिजे," असं म्हणून कमरोद्दीनने आपल्या एकुलत्या एक मुलीला, सगीराला, मुलींच्या मराठी शाळेत घातलं. बायको मेहरुन्निसा आधी कुरकुरली. पण सगीरा महिनाभरात घरी कविता म्हणायला लागली, तेव्हा तीही चुलीपाशी बसून ऐकायची.

शाळेचं स्नेहसंमेलन माघात असायचं. सगीरा दुसरीत असताना द्वारकाबाई नावाच्या बाईंनी एक छोटं नाटक लिहिलं. किल्ल्याचा दरवाजा एकटा राखणाऱ्या शिपायाची गोष्ट होती. मुलींच्या शाळेत शिपाईही मुलगीच होणार. सगीराचा आवाज खणखणीत, म्हणून ते काम तिला मिळालं. दोन्ही हात पसरून दरवाज्यात उभं राहायचं आणि म्हणायचं, "मी उभा आहे तोवर दरवाजा उघडणार नाही!"

ती धावत घरी आली. "अब्बा, मला चिलखत पाहिजे. खरंवालं!"

कमरोद्दीन हसला. पण पुढच्या शुक्रवारी तो तिला टांग्यातून दौलताबादला घेऊन गेला. तिथल्या दरवाज्यावरचे लोखंडी खिळे दोघांनी हात लावून पाहिले. परत आल्यावर त्याने मला करायला घेतलं. त्या दिवसांत माझ्याएवढं लाडाचं काम त्याच्या हातून दुसरं झालं नसेल. लाकडी मोगरीने ठोकून ठोकून त्याने माझ्या छातीवर तसेच खिळ्यांचे उंचवटे उठवले. प्रत्येक कड आत दुमडली, वर कथलाचा डाग देऊन सांधा पक्का केला आणि अंगठा फिरवून पाहिला. कुशीतल्या पट्ट्यांना त्याने पाच-पाच भोकं पाडली. मेहरुन्निसा म्हणाली, "इत्ते छेद कायकू?"

"बच्ची है. वाढणार नाही का?"

त्या वर्षी टाळ्या पडल्या. दुसऱ्या वर्षी बाईंनी तेच नाटक पुन्हा बसवलं, कारण पालकच मागत होते. सगीरा दोन भोकं वाढली होती. कमरोद्दीनने माझ्या दोन्ही बाजूंना पत्र्याची एकेक पट्टी जोडली आणि मी तिच्याबरोबर रुंद झालो. संमेलनानंतर ती मला घालून गल्लीत फिरली. भाजीवाल्यांनी सलाम ठोकले. मला वाटलं, असंच चालत राहणार. मूल वाढणार, मला पट्ट्या लागत जाणार.

तिसऱ्या वर्षी सगीरा एकदम उंच झाली. मला अंगात घातलं की काखेत पत्रा रुतायचा आणि हात वर होईना. ती मला घेऊन दुकानात आली तेव्हा कमरोद्दीनपुढे लग्नाच्या पेट्यांचा ढीग होता. गिऱ्हाईक समोर बसून होतं.

"अब्बा, हात पसरत नाही."

त्याने मला मांडीवर घेतलं, कात्री उचलली आणि दोन्ही बगला चार बोटं खोल कापून काढल्या. "घाल आता. पसर हात. झालं?"

"झालं!"

"संध्याकाळी आण. कड दुमडून देतो."

पण सगीराने मला शाळेतच ठेवलं. तालमी रोज होत्या, मला उचलून ने-आण करायची कशाला? कमरोद्दीन पेट्यांत बुडाला होता. संध्याकाळ गेली, दुसरी गेली. कात्रीने कापलेला पत्रा कसा असतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरीही तो विसरला.

तिसऱ्या तालमीला सगीराने हात पसरले आणि माझी उघडी कड तिच्या डाव्या काखेत घुसली. मित्रांनो, मला ते कळलं. पत्र्याला कळतं की नाही हे तुम्ही ठरवा, पण ते रक्त माझ्या आतल्या बाजूने ओघळलं. तिने ओठ दाबून वाक्य पूर्ण केलं. मग मैत्रिणीला घेऊन शाळेच्या मागे गेली.

मैत्रिणीचं नाव म्हाळसा. तिचा बाप मल्हारी धनगर, खाम नदीच्या पलीकडे त्यांची शेरडं-मेंढरं आणि झोपडी. म्हाळसा रोज सकाळी शेरडाचं दूध शहागंजात घालून मगच शाळेत यायची. माझे पट्टे बांधायचं काम तिच्याकडे होतं.

तिने जखम पाहिली आणि घाबरली. "लई लागलंय गं. बाईंना सांगू."

"नको. बाई नाटकातून काढतील. अब्बा चिलखत काढून घेतील. सांगू नको. माझी शपथ आहे."

म्हाळसाने थोडा विचार केला. तिच्या घरी मेंढराला जखम झाली की गोवरीची राख भरायचे. शाळेच्या शिपाईणीच्या चुलीत राख होती. तिने मूठभर आणली आणि जखमेत दाबून बसवली. रक्त थांबलं. दोघींना वाटलं, बरं झालं.

त्यानंतर सात दिवस सगीरा मला घालत राहिली, आत एक फडकं दुमडून. घरी आंघोळीच्या वेळी ती आईला दूर ठेवायची. मेहरुन्निसाला वाटलं, मुलगी मोठी व्हायला लागली, लाजते.

संमेलन झालं. त्या दिवशी तिचा आवाज मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. कमरोद्दीन बायकोला म्हणाला, "सुनी आवाज?" शिक्षणखात्याचे एक साहेब आले होते, त्यांनी उठून मला हात लावला आणि विचारलं, "कुणी केलं हे?" कमरोद्दीन उभा राहिला. त्याच्या आयुष्यात त्याला असं भर सभेत कुणी उभं केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगीरा भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसून राहिली.

"खाती कायकू नै?" आईने विचारलं.

"अम्मी, मुँह खुलता नै."

आधी सगळ्यांना वाटलं, ओरडून ओरडून जबडा धरला असेल. मेहरुन्निसाने गरम तेल चोळलं. दुपारपर्यंत मान ताठ झाली आणि ओठ असे ओढले गेले की ती हसते आहे असं वाटावं. कमरोद्दीनने तिला उचललं आणि दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पाहताक्षणी विचारलं, "कुठे लागलं होतं हिला? आठ-दहा दिवसांत?"

"कुठेच नाही, साहेब."

म्हाळसा दाराबाहेर उभी होती. शाळेत कळलं तशी ती पळत आली होती. ती आत आली आणि खाली बघत म्हणाली, "लागलं व्हतं. काखंत. चिलखताचं."

डॉक्टरांनी बाही वर केली. जखम वरून मिटत आली होती. "यावर काय लावलं?"

"राख. गवऱ्यांची."

डॉक्टरांनी कमरोद्दीनला बाजूला घेऊन सांगितलं की हा धनुर्वात आहे, औषध चालू करतो, पण उशीर झाला आहे. खोलीत अंधार ठेवा, आवाज करू नका. आवाजाने झटका येतो. आणि ज्याने लागलं ती वस्तू एकदा आणून दाखवा.

म्हणून कमरोद्दीन मला आणायला गेला. चादरीत गुंडाळून, छातीशी धरून तो पळत आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याने पायातल्या वहाणासुद्धा काढल्या. पण दाराच्या चौकटीला माझा खांदा लागला आणि मी वाजलो. फार मोठा नाही, पेटीचं झाकण पडावं एवढाच. खाटेवर सगीराचं अंग धनुष्यासारखं वाकलं. टाचा आणि डोकं तेवढं गादीला टेकलेलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं की नाही, मला माहीत नाही. कमरोद्दीन मला घेऊन तिथेच खाली बसला आणि मी पुन्हा वाजू नये म्हणून त्याने मला दोन्ही हातांनी आवळून धरलं. डॉक्टरांनी खुणेने त्याला बाहेर जायला सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी सगीरा गेली. ती दहा वर्षांची होती.

दफन झाल्यावर कमरोद्दीन दुकानात आला आणि त्याने मला जमिनीवर ठेवून मोगरी उचलली. मेहरुन्निसा आतून आली. "तोडू नका."

"काय करू मग याचं?"

"टांगा. समोर टांगा. तोडलं की तुम्ही विसराल. मला विसरता येणार नाही, मग तुम्हाला कायकू यावं?"

त्याने भिंतीत खिळा ठोकला आणि मला टांगलं. पुढचं सगळं मी तिथूनच पाहिलं. दुकान बरेच दिवस मुकं होतं. पुन्हा सुरू झालं तेव्हा कमरोद्दीनचा हात मंद झाला होता. साधं नरसाळं केलं तरी तो त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत बसायचा, एकदा, दोनदा, दहादा. गिऱ्हाईक कंटाळून म्हणायचं, "मिस्त्री, झालं की!" तो म्हणायचा, "थांबा." द्वारकाबाई एकदा भेटायला आल्या. मेहरुन्निसाने पाणी दिलं, ते पिऊन त्या गेल्या.

म्हाळसा त्या गल्लीत यायची बंद झाली. दुधाची चरवी घेऊन ती लांबच्या रस्त्याने वळसा घालून जायची.

वर्ष झालं. एका सकाळी मल्हारी दुकानापुढे येऊन उभा राहिला. खांद्यावर नवी काळी घोंगडी, आणि दंडाला धरून आणलेली म्हाळसा.

"मिस्त्री, रामराम. पोरीला नाटकात घेतलंय. तेच काम, दरवाजाचं. बाईंनी इचारलं तर पोरीनंच हात वर केला. आन् आता घरात रडतीया. जेवत नाय. इकडं यायचं म्हनती आन् यायला भिती." त्याने घोंगडी खाली ठेवली. "पत्रा नको. हिच्यातून काय व्हतंय का बघा. नाय व्हत तर तसं सांगा, मी जातो."

कमरोद्दीन मान खाली घालून बसला. पडद्यामागून मेहरुन्निसा आली. म्हाळसाकडे तिने पाहिलं नाही. घोंगडी उचलली, बोटांनी चाचपली आणि नवऱ्याला म्हणाली, "माप घ्या. मी शिवते."

आठ दिवसांत ते झालं. दाभणाने शिवलेलं, जाड, काळं, छातीवर पत्र्याच्या गोल टिकल्या. एकेक टिकली कमरोद्दीनने वाटीसारखी वळवून कडा आत घेतल्या होत्या. म्हाळसाने ते अंगात घातलं आणि हात पसरले.

"कुठे टोचतं?" कमरोद्दीनने विचारलं.

"नाय."

"वाक. फिर. आता?"

"कुटंच नाय, काका."

तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. "बेटा, घोंगडी आहे ही. ती सगळ्यांना टोचते. मलाही टोचते. तू खोटं बोलतेस."

"इथं," ती म्हणाली आणि गळ्याला हात लावला. "आन् काखंत." मग तिला रडू आवरेना. "काका, राख मी भरली व्हती."

"मालूम है," कमरोद्दीन म्हणाला. "कात्री मी लावली होती."

मल्हारीने तोंड फिरवून फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. मेहरुन्निसाने ते घोंगडीचं चिलखत काढून आत नेलं. गळ्याला आणि काखेत तिने मलमलीचं अस्तर लावलं आणि बाहेर आणून म्हाळसाच्या हातात दिलं. म्हाळसाशी ती एक शब्दही बोलली नाही, तेव्हाही नाही आणि पुढे कधीच नाही. हे मी लपवणार नाही.

संमेलनाच्या दिवशी कमरोद्दीनने दुकान बंद ठेवलं, पण तो मांडवात गेला नाही. माझ्याखाली बसून राहिला. म्हाळसा मात्र दुसऱ्या दिवसापासून पुन्हा त्याच गल्लीतून दूध घेऊन जायला लागली.

आता ते कुणीच नाहीत. शहराचं नाव बदललं, दुकानात प्लास्टिकच्या बादल्या आल्या, आणि मी माळ्यावर आहे. मला कुणी घासावं, रंगवावं असं मी मागत नाही. तुम्ही माझी नाही, स्वतःची काळजी घ्या. मोठ्यांनो, मुलाच्या अंगावर जे चढवाल त्याच्या कडेवरून आधी स्वतःचा हात फिरवा. गेल्या वर्षीचं मूल यंदा तेवढंच राहिलेलं नसतं. आणि मुलांनो, तुम्हाला लागलं तर त्याच दिवशी सांगा. कुणी रागावेल, रागावू दे. एखादी मैत्रीण तुम्हाला शपथ घालून म्हणेल, सांगू नको. तिचं ऐकू नका. पळत जा आणि सांगा. ती रुसेल. रुसू दे तिला. रुसलेली मैत्रीण चार दिवसांनी परत बोलते.