सासू, रुसवा अन् माहेर

आमच्या ह्यायनं मशीनले चालाले शिकवलं. शिकवलं म्हन्ते, कारन दुसरा शब्द मले सापडत नाई. महाराष्ट्र झाला त्या साली अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात, रुईची गाठ बांधाच्या प्रेसवर, हे फिटर म्हनून लागले. तवा रुई भराच्या पेटीचं दार लावाले वेगळा गडी, दट्ट्या दाबाले वेगळा. ह्यायनं काय केलं, पितळेच्या पट्ट्या कापल्या, त्यायच्यावर खुंट्या बसवल्या अन् एका फिरत्या ढोलावर लावल्या. खुंटी बटनाले लागली की काम होते. एका लहान पट्टीत एकच काम. दोन-तीन लहान पट्ट्या जोडल्या की त्याची मोठी पट्टी, अन् तिले आपलं नवं नाव. घरी ओट्यावर बसून कापाचं, घासाचं, हातानं ढोल फिरवून पाहाचं, मंग जिनात नेऊन बसवाचं. अख्ख्या अकोल्यात असं काई नव्हतं, हे मलेही कबूल हाये.

पट्ट्यायले नावं मात्र अशी कोरली की दुसऱ्याच्या बापाले समजू नाईत. सासू, घास, रुसवा, माहेर. मालक खुशालराव हसले, म्हने चंद्रभान, मशीनचं लगन लावलं काय. पन प्रेस अडलं की सगळ्यायचं हसू जाये. चौकीदार आमच्या दारात, अन् हे ताटावरून उठून जिनात. मी बाळंत झाली तवाही हे जिनातच. पोरीचं तोंड पाहाले आले ते हाताले ग्रीस घेऊनच.

जिनाच्या भिंतीले लागून आमच्या दोन खोल्या. खिडकी उघडली की भिंत. भाकरीत रुई, डोक्यात रुई, पोरीच्या नाकात रुई. मले तथी गुदमरे. आमी माळी लोक, मले मातीत हात घालाचा होता. माहा बाप बडनेऱ्याच्या अलीकडे एकटा, त्याची विहिरीवरची बाग, शेवंती, वांगे, सांबार-कोथिंबीर. त्याच्या डोळ्यायत मोतीबिंदू उतरला. त्यानं निरोप धाडला, अखजीपर्यंत, म्हंजे अक्षय तृतीयेपर्यंत या, बाग तुमची. नाई आले तर तुह्या चुलतभावाले, भगवंताले, देऊन टाकीन, मले आता पानी ओढवत नाई.

मी ह्यायले सांगितलं. हे म्हने, जाऊ न, पन खुशालराव सोडतीन तवा. आदल्या सालीही हेच, त्याच्या आदल्या सालीही हेच. बाप्पा, त्या मालकाचा मले असा राग ये की मी चुलीत लाकडं आदळो. मानसानं मानूस ठेवावं का खुट्याले बैल बांधावा?

मंग खुशालरावनं उत्तमराव नावाचा एक मानूस आनला. नागपूरले शिकलेला, भला, शांत. ह्यायनं त्याले पट्ट्या शिकवाच्या अन् आमी सुटाचं, असा माहा हिशोब. पन त्याले काई जमेना. हे घरी येऊन म्हनत, त्याच्या डोक्यात शिरत नाई, मी काय करू. आता खोटं काहून बोलू, मी त्या गरिबालेही शिव्या घातल्या.

होळी झाल्यावर ह्यायले हिवताप चढला अन् तवाच प्रेस अडलं. खुशालराव सोता दारात आले. हे उठाले गेले अन् खाटेवर पडले. मी पोरगी शेजारनीकडे दिली अन् मालकाले म्हटलं, चला, मी येते. बाई येऊन काय करन, असं त्यायच्या तोंडावर लिहिलेलं होतं, पन आले गुमान.

उत्तमराव पोत्यावर पट्ट्या मांडून डोक्याले हात लावून बसला होता. म्हनाला, "ताई, सासू म्हणजे काय, हे त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही. विचारलं की म्हणतात, कळेल हळूहळू."

मले हसू फुटलं. म्हटलं दादा, माही सासू एकदा तोंड मिटलं की लेकानं आवाज दिल्याबिगर उघडत नाई, ते पेटीचं दार असन. घास म्हंजे दट्ट्या खाली, रुई कोंबाची. रुसवा? मी रुसली की हे काई बोलत नाईत, माहा पारा उतरेस्तवर चूप बसतात. तुमचा तो दाबाचा काटा उतरेस्तवर मशीन थांबत असन. अन् माहेर म्हंजे सगळं जथून निघालं तथी वापस. उत्तमरावनं एकेक पट्टी पाहिली, मान हलवली, माहेर उलटी बसली होती ती सरळ केली. गाठ बाहेर आली. खुशालराव म्हने, बाई, आता अखजीले खुशाल जा.

मी पळतच घरी आली. ह्यायच्या उशाशी बसून सगळं सांगितलं, आपन सुटलो म्हटलं. हे भिताडाकडे तोंड करून पडले. मले वाटलं, ताप हाये.

ताप उतरला. मी भांडे पोत्यात भराले लागली. एका सकाळी हे म्हने, जिनात निरोप घेऊन येतो. जेवाच्या वेळेलेही आले नाईत, दिवा लागनीले आले, बोटायच्या पेरायत पितळेचा चुरा. दुसऱ्या दिवशी चौकीदार पुन्हा दारात. हे चप्पल घालून तयारच होते. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली, मी मांगून गेली, आज मालकाले सोडाचं नाई असं ठरवून.

उत्तमरावनं एक पट्टी माह्या हातात दिली. नाव घासून टाकलेलं होतं. त्या जागी एक आडवी रेघ अन् दोन ठिपके. दुसरीवर तीन उभ्या रेघा. सगळ्याच तशा. तो हळूच म्हनाला, "ताई, हे तरी सांगा." मले एकही सांगता आली नाई. तिकडे हे ढोलापाशी वाकून पट्ट्या बसवून राहिले होते, अन् तोंड कसं, लग्नातल्या नवरदेवासारखं. खुशालराव माह्याजवळ येऊन म्हने, बाई, मी तर मांगच्या सालीच म्हटलं होतं ह्याले, जा म्हनून.

गाठ निघाल्यावर मी ह्यायले भिंतीपाशी थांबवलं. मले रडू येऊन राहिलं होतं अन् मारावंसंही वाटून राहिलं होतं. काहून केलं, एवढंच विचारलं.

हे नखातलं पितळ कोरत राहिले. मंग म्हने, "उत्तमरावले जमलं असतं, तर मले कोनं बोलावलं असतं?"

"मी बोलावलं असतं," मी म्हटलं.

ह्यायनं माह्याकडे पाहिलं. तेवढ्यात आतून कोनीतरी चंद्रभान अशी हाक मारली, अन् हे पळत आत गेले. अखजीले बाबानं बाग भगवंताले देऊन टाकली.