दहा जास्त दाखवणारा काटा

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे, मोटारीच्या चाकात पायाने हवा भरायचा. बोरीच्या किशनराव सरांनी मला परभणीच्या दुकानात निवडलं. दुकानदाराने पाच-सहा पंप मांडले होते. सरांनी प्रत्येकावर पाय देऊन पाहिला आणि म्हणाले, "हाच द्या. लय गुणी दिसायलाय." तिथेच मी शेफारलो.

पुढे एकदा मी डिकीतून दगडावर पडलो. तेव्हापासून माझा काटा असते त्यापेक्षा दहा जास्त हवा दाखवतो. सरांनी पेट्रोल पंपावरच्या मीटरशी ताडून पाहिलं आणि हसले. "माणसाला खोड असते, तशी ह्याला. दहा वजा धरायचे, झालं." मला दुरुस्त केलं नाही. बत्तीस हवा पाहिजे असली की ते काटा बेचाळीसवर जाईपर्यंत पाय मारत. घरात कुणाला हे सांगितलं नाही, कारण गाडीचं सगळं तेच बघत. मागच्या दिवाळीनंतर सर अचानक गेले, आणि माझी खोड फक्त मलाच ठाऊक राहिली.

आता गाडी त्यांची मुलगी वैदेही चालवते. तिने पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा मला सरांचाच भार जाणवला. अजूनही जाणवतो. काटा बत्तीसवर आला की ती थांबते, आणि सर माझ्याजवळ उभे राहून "अजून, अजून" म्हणताहेत असं मला वाटतं. तिला ते ऐकू येत नाही.

एप्रिलात भर दुपारी परभणीच्या रस्त्यावर मागचं चाक फुटलं. गाडी बाभळीवर आदळली आणि तिच्या आईचा, केशरबाईंचा, हात मोडला. मेंढरं सोडून धावत आलेल्या रामहरीने त्यांना बाहेर काढलं. उरलेली चाकं बघून तो म्हणाला, "ताई, हीबी बसल्यावानी दिसायल्यात. हवा कमी हाय. अशानं उन्हात टायर तापून फुटतंय."

"नाही हो दादा, बत्तीस आहे. सकाळीच भरली मी, बाबांच्या पंपानं."

मित्रांनो, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी दुरुस्त होऊन आली. आज केशरबाईंचं प्लास्टर काढायचं आहे. जावयाने गाडीतच जोडायचं नवं मशीन आणून दिलंय. त्यावर आकडा लावला की ते तेवढीच हवा भरतं. वैदेहीने डिकी उघडली तेव्हा आम्ही दोघं शेजारी होतो. मी मनातल्या मनात विनवलं, बाई, त्याला उचल.

"नवं घे की गं," केशरबाई म्हणाल्या.

"राहू दे, आई. बाबांचा पाय लागलेला पंप आहे हा."

तिने चारही चाकांत हवा भरली. काट्यावर बत्तीस, चाकात बावीस.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जरूर जपा, पुसून फडताळात ठेवा. पण तिच्यावर जीव सोपवण्याआधी एकदा तपासून घ्या. गाडी आता बोरीबाहेर पडली आहे आणि ऊन चढू लागलं आहे. परभणीच्या रस्त्याला एक पांढरी गाडी दिसली, तर हात करा. थांबवा तिला.