सांग तुझ्या आईला

नांदेडच्या रेणुकादास सरांचं बोलणं असं, की देवणीच्या जनावरांच्या प्रदर्शनात त्यांनी माइकवरून एका वळूचं वर्णन केलं, तर तो वळू लाजून खाली बसला! लोह्याला एका लग्नाचं सूत्रसंचालन त्यांनी हाती घेतलं, तेव्हा वऱ्हाडी मंडळी बारसं उरकूनच घरी परतली म्हणे. खोटं वाटत असेल तर वळूला विचारा.

पण हाच माणूस घरात शिरला की स्वतःच्या बायकोशी थेट एक शब्द बोलत नसे. भांडण? मुळीच नाही! लग्न झालं तेव्हा वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलणं बरं दिसत नव्हतं. पुढं वडीलधारी गेली, त्यांच्या तसबिरींना हार चढले, सवय मात्र ठणठणीत राहिली. आणि दोघांच्या मधे उभी राहिली ती लेक, देविका.

"देविका, सांग तुझ्या आईला, चहात साखर लई झाली."

"सांग त्यांना, उद्यापासून आपल्या हातानं करून घ्या म्हणाव," आतून इंदूबाई.

"बाबा, आई म्हणते उद्या कमी टाकते," इति देविका.

घर ओळखीचं वाटून राहिलं ना?

देविका बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. माणसं रोजच्या जगण्यात एकमेकांशी कशी बोलतात, हा विषय अर्शिया मॅडम शिकवायच्या. एके दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं, "घरातल्या बोलण्यात तुम्ही कोण? बोलणारे की ऐकणारे?"

"मी मधली, आई-बाबांच्या," देविका म्हणाली.

"मॅडम, हिच्या घरी पोस्ट ऑफिस हाय!" मागून सर्वेश ओरडला. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"निरोप जसाच्या तसा देतेस?"

"कसा देऊ, मॅडम? घराचा आखाडा होईल. थोडा गाळून, थोडा गोड करून देते. म्हणून तर घरात शांतता हाय."

"गाळताना काय खाली सांडतं, ते कधी बघितलंस, बेटा? तुला वाटतं ती दोघं एकमेकांशी बोलतात. खरं तर दोघंही तुझ्याशीच बोलून राहिलेत. आईला काय म्हणायचं होतं, ते बाबांपर्यंत कधी पोचलंच नाही."

देविकाचा पेन थांबला. दिवाळीच्या आधी आई म्हणाली होती, "त्यांना सांग, काखेत गाठ लागून राहिलीय. दुखत नाही, पण एकदा दाखवावं म्हणते." बाबांसमोर ते बोलायला देविकाची जीभ रेटली नाही. ती म्हणाली, "आईचा हात अवघडलाय." पेपरातून मान वर न काढता बाबा म्हणाले, "बाम लाव म्हणाव." ते फारच कोरडं वाटलं, म्हणून आईला तिनं सांगितलं, "बाबा म्हणाले, काळजी घे." मग परीक्षा आली, सण आले आणि ती विसरून गेली. आता उन्हाळा लागला होता!

ती धावतच घरी आली. इंदूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आई, ती गाठ?"

"हाय की. वाढलीय जरा."

"मग बोलली का नाहीस गं पुन्हा?"

"बोलले होते की. ते म्हणाले ना, काळजी घे. घेऊन राहिले."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला. उद्या लातूरला कुणाचा तरी सत्कार होता, सरांची तयारी चालली होती.

"देविका, सांग तुझ्या आईला, झब्ब्याला इस्त्री करून ठेव म्हणाव."

देविका बाहेर आली. "नाही सांगत."

"काय?"

"तुम्हीच सांगा."

"लई शहाणी झालीस! हेच शिकवतात का कॉलेजात?"

"हाव बाबा, हेच! आई गाठ म्हणाली, मी 'अवघडलाय' म्हणाले. तुम्ही बाम म्हणालात, मी 'काळजी' म्हणाले. आईच्या काखेत गाठ हाय बाबा, दिवाळीपासून! आणि मी मधे उभी राहून..."

सर उठले. स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. ज्यांच्या शब्दांना वळू लाजायचा, त्यांना आता एक शब्द सापडेना. शेवटी कसंबसं म्हणाले, "इंदू..."

इंदूबाईंनी तांदळावरची नजर काढली नाही. "देविका, बघ गं, ते काय म्हणून राहिले."

"देविकाला नाही. तुला विचारून राहिलो. कुठं हाय गाठ?"

इंदूबाईंचे हात थांबले. "आता विचारता?" एवढंच म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. सर तिथंच फरशीवर बसले.

दुसऱ्या दिवशी लातूरचा सत्कार सरांविना झाला. डॉक्टरांनी गाठ तपासली, "लवकर यायला हवं होतं" म्हणाले आणि तुकडा तपासणीला पाठवला. दवाखान्याच्या बाकड्यावर दोघं शेजारी शेजारी बसली होती.

"भीती वाटून राहिली का?" सरांनी विचारलं.

"हाव."

"मला पण."

वाचकहो, रिपोर्ट अजून यायचा आहे. तो काय येईल, हे या गोष्टीच्या हातात नाही. पण एवढं तिच्या हातात आहे: लेकरांच्या तोंडून संसार चालवणं म्हणजे समंजसपणा नव्हे, पळपुटेपणा आहे! लेकरू निरोप गोड करतं, कारण त्याला घर मोडायची भीती असते. आणि त्या गोडव्यात जिवावरची गोष्ट बुडून जाते. ज्याचं बोलणं त्यानं, ज्याच्याशी बोलायचं त्याच्यापाशी जाऊन बोलावं.

हे पान इथंच ठेवा. आतल्या खोलीत जा. पोराला हाक मारू नका, स्वतः जा.