सुधाबाईचा वाटका

केशव सर दुकानात आले तवा नयन पोळ्या लाटाच्या बेलनाले घोटाई करून राह्यली होती. तिनं त्याईले नुसत्या खोकल्यावरून ओळखलं. सरानं मात्र तिले तोंड पाहूनही ओळखलं नाई.

"बंडूजी आहेत का, बेटा?"

बेटा! नयनच्या डोक्यात सणकच गेली. ह्याच माणसानं नववीत भरल्या वर्गात तिच्याकडं खडू रोखून म्हटलं होतं, "हे ओलं लाकूड आहे. पेटत नाही, नुसता धूर करतं." तवापासून तिचं नावच धूर पडलं. मधल्या सुट्टीत ती दिसली का पोरं खोकत. दहावीत दिवाळीच्या आधी तिनं एकाच्या कपाळावर कंपासपेटी हाणली, त्याले तीन टाके पडले, आन् तिची शाळा सुटली ते सुटलीच.

आता दोन वर्षं झाले, ती नालवाडीत बंडूजीच्या लाकूड काताच्या खराद मशीनीवर होती. खाटेचे पाय, बेलनं, पोरांच्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचे चाकं. हात असा बसला होता का बंडूजी तिच्या भरवशावर दुकान टाकून आठ दिवस कारंज्याले साळ्याच्या घरी गेलता. जाताना सांगून गेलता, "केशव सर येतीन. वाटका करू म्हन्तेत सोताच्या हातानं. माळ्यावरचं शिवणाचं लाकूड देजो, चांगलं वाळलं हाये. आन् तोंड आवरजो जरा, बाप्पा!"

"सोताच्या हातानं काऊन, सर?" नयननं विचारलं. "मी अर्ध्या घंट्यात करून देईन ना."

सर स्टुलावर टेकले. "माझी बायको, सुधा. तिचा उजवा हात लकव्याने गेला. डाव्याने जेवायला बघते, पण स्टीलची ताटली सरकते, सगळं सांडतं. जड वाटका पाहिजे, कड आत वळलेली, म्हणजे घास कडेला टेकवून उचलता येईल." ते थांबले. "रविवारी मुलगी येते पुण्याहून. चारुता. म्हणते, आईला घेऊन जाते, तुमच्याने होत नाही. मी फोनवर बोलून बसलो की आई आपल्या हाताने जेवते. ते तिला दिसलं पाहिजे, नाहीतर नेईल ती."

"मंग मीच करून देऊ का?"

"अगं, मला साधा खिळा ठोकता येत नाही हे सुधाला माहीत आहे. मी केला म्हटलं तर हसेल तरी. चार महिने हसली नाही."

नयननं माळ्याकडं पाह्यलं. शिवण तिथं होतं, हात पुरवला का येत होतं. मंग ती मागच्या अंगणात गेली. आठ दिवसांआधी रस्त्यासाठी तोडलेल्या आंब्याचा ओंडका तिथं पडला होता. त्यातला एक ठोकळा तिनं कापून आणला, मधोमध गाभा असलेला. असलं ओलं लाकूड कापताना लोण्यावानी चालते, आन् वाळताना फाटते. खरादीच्या घरच्या शेंबड्या पोरालेही हे माहीत असते. सराले कुठून माहीत?

"गार लागतो गं हाताला."

"सावलीत होता, सर."

मशीन सुरू झाली. सरानं गोल पटाशी टेकवली आन् खाडकन् झटका बसला. पटाशी हातातून उडून पत्र्यावर जाऊन आपटली.

"डोकं हाये का खोकं?" नयन वरडली. "मनगट ढिलं, कोपर आंगाले चिकटून! कितीकदा सांगू?"

तिनं एकदाच सांगितलं होतं.

"चुकलं," सर म्हणाले, आन् वाकून पटाशी उचलली.

बाजूचा पंक्चरवाला नत्थू ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता खिदळला. "सर, मशीनीले पाढे म्हनाले लावा ना, आपोआप चालते!"

दुसऱ्यांदा कोपर बाहेर गेलं तवा नयननं हातातल्या बेलनाचा टोला दिला. हळूच, पण हाडावर. सर कळवळले, कोपर आत घेतलं आन् पुन्हा म्हणाले, "चुकलं." तीन दिवस तिनं त्याईले असं राबवलं. पाणी आणाले लावलं, भुसा झाडाले लावलं. एकदा तं मशीनीसमोर हात वर करून उभं केलं, "नजर बसली पाह्यजे" म्हणून. सर राह्यले उभे. त्या उन्हाळ्यात, घामानं निथळत, एकसष्ट वर्षांचा माणूस.

पण मंग लाकूड कापू लागलं. ओल्या आंब्याचे लांबच लांब छिलके सराच्या मनगटावरून लोंबू लागले, आन् ते लहान पोरावानी हसले. चष्म्यावर थेंब उडाले.

"हे पाणी कसलं गं?"

"तेल हाये, मशीनीचं."

शुक्रवारी वाटका झाला. एका बाजूनं फुगलेला, बूड जरा तिरपं, पण वाटका. कड बरोबर आत वळली होती. तेल पाजाले तो रातभर दुकानातच ठेवला.

शनिवारी सकाळी नयननं पाह्यलं, गाभ्यापासून कडेपर्यंत बारीक चीर गेली होती. केसावानी. तिले हे होणारच माहीत होतं. तरी ती माळ्यावर चढली, शिवण काढलं, बोटानं ठोकून पाह्यलं. टणटण. मशीनीवर चढवलंही. अर्ध्या घंट्यात तसाच वाटका झाला असता, अगदी फुगवट्यासकट. सराले फरक समजलाही नसता.

तेवढ्यात सर आले. "झाला का तयार? दाखव, दाखव!" आन् मशीनीपाशी उभे राहून म्हणाले, "तुझ्यासारखं शिकवायला मला जमलं नाही बघ. तू माझ्या वर्गात असतीस ना, मी तुला शाळा सोडू दिली नसती."

नयननं मशीनीवरून शिवण उतरवलं.

"सांजच्याले या. पालिश बाकी हाये."

सर गेल्यावर तिनं बारीक भुसा चिकट सरसात कालवला, चिरेत भरला, घासला, वरून तेल मारलं. चीर दिसेनाशी झाली. संध्याकाळी वाटका कागदात गुंडाळून हातात देताना म्हणाली, "वरण गरम वाढजा, सर. लाकडाले गरमच मानवते."

रविवारी ती तेलाची शिशी देण्याच्या बहाण्यानं सराच्या घरी गेली. कूलर घरघरत होता. सुधाबाई खुर्चीत, मांडीवर टॉवेल. समोर चारुता, हाताची घडी घालून. सरानं वाटक्यात भात वाढला, वरून वाफ निघणारं वरण ओतलं.

सुधाबाईनं डाव्या हातानं घास कडेला टेकवला, दाबला, उचलला. गेला तोंडात. दुसराही गेला. तिनं वाटका बोटानं फिरवला, त्याचं फुगलेलं अंग पाह्यलं, आन् वाकड्या तोंडानं हसली. "तुमच्या... पोटा... सारखा."

सराच्या डोळ्यात टचकन् पाणी आलं. चारुताही हसली, फोन काढला. "आई, थांब हं, परत एकदा घास घे."

टक् आवाज आला. मोठा नाई, शेंग फोडल्यावानी. वाटका दोन फाका झाला आन् बुडाचं कढत वरण सुधाबाईच्या मांडीवर सांडलं. टॉवेलातून आत गेलं. ती वरडली, पण उठता येत नव्हतं. बसल्या जागी नुसती वरडत राह्यली.

"बाबा! हे काय खेळणं दिलंत तिला? भाजलं ना!" चारुता पाणी ओतत होती. "बस झालं. आजच नेते मी."

"मीही येतो."

"तिकडे तिला बघायला बाई ठेवलीय. तुम्हालाही सांभाळणं माझ्याने नाही व्हायचं, बाबा."

दुपारी गाडीत बॅगा चढल्या. सुधाबाईले चारुतानं उचलून मागच्या सीटवर बसवलं. नयन फाटकाबाहेर उन्हात उभीच होती. घरी जावं वाटे, पण पाय निघत नव्हते. सर तिच्याकडं आले, दोन्ही हातात दोन फाका.

"बेटा, हे जोडता येईल का? पटकन? तिच्याबरोबर दिला असता."

"नाई. ओलं होतं ते."

"कधी कळलं तुला?"

"देलं तवाच."

सराले समजाले येळ लागला. "का गं?"

हे वाक्य नयननं तीन वर्षं तोंडात घोळवलं होतं. "मी नयन. नववी ब. ओलं लाकूड म्हटलं होतं तुमी मले. पूर्ण वर्गासमोर."

सरानं तिच्या तोंडाकडं निरखून पाह्यलं. इमानदारीनं आठवून पाह्यलं त्याईनं, कपाळाले आठ्या पाडून. मंग हळूच म्हणाले, "मी बऱ्याच जणांना म्हणायचो गं ते."

गाडीचा हॉर्न वाजला. "बाबा, आई बघा काय मागतेय, मला कळत नाही!"

खिडकीतून डावा हात बाहेर आला होता. बोटं मिटत होती, उघडत होती. सरानं फाका भिंतीवर ठेवल्या, जाऊन तो हात धरला. गाडी निघाली. सर हात धरून चार पावलं चालले, मंग दोन पावलं धावले, मंग हात सुटला.

ते वापस आले तवा नयन तिथंच होती. "सर," ती म्हणाली. सर तिच्या बाजूनं आत गेले, फाटक ओढलं, आन् आतून कडी लावून घेतली.